निरोप ठेवून पुढे जाणारे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला बस म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. माजिवड्याला किंवा कापूरबावडीला उभं राहून कासारवडवलीच्या बसची वाट पाहण्यात आमच्यापैकी अनेकांच्या आयुष्याचा बराच भाग गेला आहे. ठाणे महापालिकेची परिवहन सेवा १९८९ साली सुरू झाली, पुढे या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संकुलं उभी राहिली, उड्डाणपूल झाले, मेट्रोचे खांब आले. वाट पाहणं मात्र टिकून आहे. आज मला बोलायचं आहे ते एका वेगळ्या बसविषयी. ही बस आपल्या सगळ्यांच्या खिशात असते. तिच्यातून माणसं जात नाहीत, निरोप जातात. आणि ती शोधली गेली तीच मुळी कुणाला वाट पाहत उभं राहावं लागू नये म्हणून.

आधी शब्दाकडे पाहू. फ्रान्समध्ये १८२०च्या दशकात नांत नावाच्या शहरात कुणीही भाडं देऊन बसावं अशी घोडागाडी सुरू झाली. तिला नाव पडलं ऑम्निबस. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'सर्वांसाठी'. पुढे शेपूट तेवढी उरली आणि ती बस झाली. वीज आली तेव्हा हाच शब्द विजेच्या खोलीत शिरला. जनित्राची वीज एका जाड धातूच्या पट्टीवर आणायची आणि ज्या यंत्राला हवी त्याने तिथून फाटा काढून घ्यायचा. ही पट्टीसुद्धा सर्वांसाठी, म्हणून बसबार. वागळे इस्टेटमध्ये पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो याच नावाने ती ओळखतो. तिथून शब्द संगणकात गेला. संगणकाच्या पेटीत एक पाटी असते, तिच्यात वेगवेगळी कार्डं खोचायची. एक कार्ड पडद्याचं, एक आवाजाचं, एक जाळ्याचं. या कार्डांना एकमेकांची ओळख असण्याची गरज नसते. पाटीवरून जाणारी बस तेवढी सगळ्यांना ठाऊक असते. नवं कार्ड आणलं, खोचलं, चालू झालं.

या टप्प्यावर एक मराठी आडनाव गोष्टीत येतं. विवेक रणदिवे १९५७ साली मुंबईत जन्मले, जुहूला वाढले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा परकीय चलन मिळवणं हेच एक दिव्य होतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेत खेटे घालून तिथल्या अधिकाऱ्यांना त्यांनी कसं राजी केलं, ही कथा त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत येते. एमआयटीमधून विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्या आणि १९८३ साली हार्वर्डची व्यवस्थापनाची पदवी घेतल्यावर त्यांच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. यंत्रांमध्ये नवा भाग खोचून जोडता येतो, मग आज्ञावलींमध्ये का नाही? दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जोडायचे तर प्रोग्रॅमर मंडळी महिनोन्‌महिने का घालवतात? सॉफ्टवेअरला बस का नसावी?

१९८६ साली त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि बस नेली ती थेट वॉल स्ट्रीटवर. त्या काळच्या रोखे व्यापाऱ्याचं टेबल डोळ्यांसमोर आणा. एका वृत्तसंस्थेचा पडदा, दुसऱ्या भाव-सेवेचा पडदा, तिसऱ्याचा आणखी एक, प्रत्येकाचा कळफलक वेगळा. एका पडद्यावरचा भाव वाचून माणूस तो दुसरीकडे हाताने टाइप करायचा. माणूस हीच दोन संगणकांमधली तार होती. गोल्डमन सॅक्स ही रणदिवे यांची सुरुवातीची मोठी गिऱ्हाईक. बाहेरून येणारा प्रत्येक भाव आणि बातमी एका समाईक प्रवाहात सोडायची, तिच्यावर विषयाची चिठ्ठी लावायची, आणि ज्या पडद्याला ज्या विषयात रस असेल त्याने तेवढं उचलून घ्यायचं, अशी ही रचना होती. तिचं नाव 'द इन्फर्मेशन बस'.

यात खरी युक्ती काय होती, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. दोन माणसांचं फोनवरचं बोलणं आठवा. मी प्रश्न विचारला की तुम्ही उत्तर देईपर्यंत मी रिसीव्हर कानाला लावून बसणार. तुम्ही 'थांबा हं, वही बघून सांगतो' म्हणालात की माझं सगळं काम ठप्प. जुन्या आज्ञावली अशाच बोलायच्या. आता सकाळचं दूध आठवा. रात्री झोपताना आपण दाराच्या कडीला पिशवी अडकवून ठेवतो. दूधवाला पहाटे येतो, दोन थैल्या टाकतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. तो आपल्याला उठवत नाही, आपण त्याच्यासाठी जागत नाही. दोघांच्या वेळा वेगळ्या, तरी व्यवहार पुरा. तांत्रिक भाषेत या दुसऱ्या पद्धतीला असिंक्रोनस म्हणतात. शब्द जड आहे, वस्तू आपल्या दाराला लटकलेली आहे.

रणदिवे यांच्या बसने याच्याही पुढे एक पाऊल टाकलं. दूधवाल्याला निदान घराचा नंबर माहीत असतो. इथे पाठवणाऱ्याला घेणारा कोण हेच माहीत नसतं. त्याला फक्त विषय ठाऊक. १९९३ साली ब्रायन ओकी, मानफ्रेड फ्ल्यूगल, ॲलेक्स सीगल आणि डेल स्कीन या त्या कंपनीतल्या चौघांनी या रचनेवर एक शोधनिबंध लिहिला. त्यातलं एक उदाहरण शेअर बाजाराचं नाही, चिप बनवणाऱ्या कारखान्याचं आहे. अमुक कारखाना, अमुक केंद्र, अमुक यंत्र, चकतीची जाडी, अशी टिंबांनी जोडलेली चिठ्ठी लावून मोजमाप बसवर सोडायचं. कुणाला हवं असेल तो घेईल. कारखाना चालू ठेवून एखादं यंत्र काढता येतं, नवं बसवता येतं, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. बंद करून दुरुस्त करणं जिथे परवडतच नाही अशा जागांसाठी ही गोष्ट होती.

कल्पना एकट्या रणदिवे यांची नव्हती, हेही सांगायला हवं. कार्ल ह्युइट यांनी १९७३ सालीच निव्वळ निरोपांनी बोलणाऱ्या घटकांचं गणिती चित्र मांडलं होतं, आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ॲलन के आणि त्यांचे सहकारी स्मॉलटॉक ही भाषा याच विचारावर उभी करत होते. रणदिवे यांनी ती विकून दाखवली. माझ्या मते हेही कमी नाही. १९९४ साली रॉयटर्सने त्यांची कंपनी साडेबारा कोटी डॉलरना घेतली. १९९७ साली त्यांनी टिबको ही कंपनी काढली, जिच्या नावातच 'द इन्फर्मेशन बस कंपनी' दडलेली आहे. ती १९९९ साली शेअर बाजारात आली आणि २०१४ साली व्हिस्टा इक्विटी पार्टनर्सने सुमारे ४.३ अब्ज डॉलरना घेतली. आपल्याकडे मात्र रणदिवे यांची चर्चा झाली ती २०१३ साली त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा बास्केटबॉलचा संघ विकत घेतला म्हणून! असो.

आता या पद्धतीची दुसरी बाजू. दूधवाला पिशवीत दूध टाकून गेला. ते मांजराने नेलं तर? पाठवणारा निश्चिंत, घेणारा उपाशी. वाट न पाहण्याची किंमत ही असते की आपला निरोप पोचला की नाही, हे आपल्याला कळत नाही. आणि कधी पोचला, हे तर त्याहून कळत नाही.

२६ जुलै २००५ची रात्र मुंबई-ठाण्यातला कुणी विसरणार नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते बंद, फोन लागत नाहीत. माझी पत्नी अंधेरीला कार्यालयात होती, मी इकडे घोडबंदर रोडवर घरी. बोलणं होईना, पण एसएमएस अधूनमधून सटकत होते. कारण एसएमएसला दोन्ही टोकं एकाच वेळी जागी लागत नाहीत. निरोप मध्ये एका केंद्रात जाऊन पडतो, आणि समोरचा फोन जाळ्यात आला की त्याच्याकडे ढकलला जातो. म्हणजे दाराच्या कडीची पिशवीच. संध्याकाळी सातच्या सुमारास रोमन लिपीतल्या मराठीत तिचा निरोप आला, की पाणी वाढलंय, आज ऑफिसातच थांबते. जीव भांड्यात पडला. रात्री दोन वाजता फोन पुन्हा वाजला. निरोप होता, 'निघतेय, काळजी करू नका.'

त्या रात्रीचं पुढचं वर्णन करत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा उलगडा झाला. 'निघतेय' हा निरोप तिने दुपारी चारलाच लिहिला होता. तो तिच्या फोनमध्येच अडकला. दारापर्यंत जाऊन, रस्त्याची नदी झालेली पाहून ती परत फिरली आणि तिने दुसरा निरोप लिहिला. तो सुदैवाने लगेच गेला. पहिला मात्र फोनने जपून ठेवला आणि रात्री जाळं मिळताच आपणहून पाठवून दिला. दोन्ही निरोप खरे होते आणि दोन्ही पोचले, फक्त क्रम उलटला. माझ्या फोनवर त्याची वेळही रात्री दोनचीच दिसत होती, कारण ती वेळ केंद्राने निरोप हाती घेतला तेव्हाची होती. लिहिणाऱ्याने कधी लिहिला याची नोंद कुठेच नव्हती.

आता गंमत अशी की ही नोंद ठेवण्याची शिस्त अठराव्या शतकातल्या आपल्या कारकुनांना पक्की ठाऊक होती. घोडबंदर हे नाव ज्या बंदरामुळे पडलं तिथे एके काळी अरबी व्यापाऱ्यांचे घोडे उतरत. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचा किल्ला होता. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांची वसईची मोहीम याच खाडीच्या दोन्ही काठांवर चालली. ठाणे आणि घोडबंदर १७३७ मध्ये मराठ्यांकडे आले, वसई १७३९च्या मे महिन्यात. इतक्या पसरलेल्या मोहिमेत सरदार, आरमार आणि पुणे यांच्यातला संबंध चालायचा तो पायी जाणाऱ्या जासुदांच्या आणि कासिदांच्या जिवावर. जासूद सहसा एकटा जात नसे, जोडीने जाई. जुन्या पत्रांत 'कासीद जोडी पाठविली' असे उल्लेख वारंवार येतात. एक आजारी पडला, पकडला गेला, तर दुसऱ्याने पुढे जावं. निरोप फार मोलाचा असेल तर त्याच मजकुराची पत्रं दोन वाटांनी रवाना होत.

ही पत्रं वाचताना दोन खुणा लक्षात येतात. लिहिणारा पत्रात तारीख घालतो. ती 'छ' या अक्षराने, म्हणजे चंद्राने, सुरू होते, आणि पुढे रजब, शाबान असे मुसलमानी महिने. आणि पत्र हाती पडलं की घेणाऱ्याचा कारकून त्यावर वेगळी नोंद करतो. ती 'पैवस्ती'ची, म्हणजे पोचल्याची तारीख. एकाच कागदावर दोन तारखा! पुष्कळ पत्रांत साल नसतं, त्यामुळे इतिहाससंशोधकांची दमछाक होते, पण पत्र वाटेत किती दिवस होतं हे सांगता येतं. उत्तर लिहितानाही सुरुवात ठरलेली असते. तुमचं अमुक तारखेचं पत्र पावलं, लिहिलेला मजकूर कळला, आणि मग पुढचं. आपल्याला हा पाल्हाळ वाटतो. प्रत्यक्षात ती पोच आहे. तुमच्या कुठल्या निरोपापर्यंतचं मला माहीत आहे, हे समजल्याशिवाय समोरच्याला माझ्या उत्तराचा अर्थच लावता येणार नाही.

संगणकशास्त्रात हीच गोष्ट लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली एका गाजलेल्या निबंधात मांडली. दूरदूरच्या यंत्रांमधलं घड्याळ एक नसतं, तेव्हा 'आधी' आणि 'नंतर' हे घड्याळावरून ठरवायला जाऊ नये. कुठला निरोप कुठल्या निरोपाच्या आधी निघाला, याच्या नोंदीवरून ठरवावं. पेशवाईतल्या कारकुनाला हे वाचून दाखवलं असतं तर त्याने बहुधा मान डोलावली असती आणि दौतीत बोरू बुडवला असता.

पण शिस्त कितीही असली तरी एक जागा अशी आहे जिथे ती थिटी पडते. १७६०च्या अखेरीस सदाशिवरावभाऊ पानिपतावर अडकले होते आणि अब्दालीच्या फौजेने दक्षिणेकडच्या वाटा रोखल्या होत्या. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, त्यात त्या काळातली पत्रं आहेत. ती वाचताना सर्वांत जास्त टोचते ती पत्रांमधली पोकळी. पत्र येत नाही याचा अर्थ काय लावायचा? जासूद मारला गेला, की पत्र लिहिलंच नाही, की लिहिणारेच उरले नाहीत? १४ जानेवारी १७६१ला सगळं संपलं, आणि पेशव्यांना ते कळलं दहाएक दिवसांनी, भेलशाच्या आसपास, तेही एका सावकाराच्या माणसाकडचं दुसऱ्याच कुणासाठी असलेलं पत्र हाती लागल्यामुळे. रणदिवे यांच्या भाषेत सांगायचं तर निरोप त्यांच्या नावाचा नव्हता, विषय त्यांचा होता.

१९७५ साली अक्कोयुनलू, एकनाथम आणि ह्यूबर या तिघांनी एका निबंधात जवळजवळ हाच पेच सिद्ध करून दाखवला, आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला 'दोन सेनापतींचा पेच' असं नाव दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला जासूद पाठवतो, उद्या पहाटे हल्ला. जासूद पोचला का, हे कळायला दुसऱ्याची पोच हवी. पोच आणणारा जासूद पोचला का, हे दुसऱ्याला कळायला पोचेची पोच हवी. याला अंत नाही. वाटेत निरोप हरवण्याची शक्यता असेल, तर कितीही जासूद पाठवा, दोघांनाही पक्की खात्री कधीच होऊ शकत नाही. हे हुशारी कमी पडल्यामुळे होत नाही. ते गणितानेच अशक्य आहे.

आता खिशातल्या फोनकडे येऊ. अँड्रॉइडची कंपनी २००३ साली कॅलिफोर्नियात निघाली, २००५ साली गूगलने ती घेतली, आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८च्या ऑक्टोबरात बाजारात आला. त्यात स्मृती होती १९२ मेगाबाइट. एवढ्याशा जागेत फोन, एसएमएस, नकाशा, गाणी सगळं कोंबायचं. त्यामुळे अँड्रॉइडच्या कर्त्यांनी सुरुवातीपासून एक कठोर नियम केला. जागा कमी पडली की पडद्यामागचं ॲप न विचारता बंद करायचं. आपण ज्याच्याशी बोलतोय तो पुढच्या क्षणी जिवंत असेलच असं नाही! अशा वस्तीत फोन धरून बोलणं शक्य नाही, चिठ्ठ्याच टाकायला हव्यात. म्हणून ॲपचे घटक तोडून वेगळे केले आणि त्यांच्यातला व्यवहार इंटेंट नावाच्या चिठ्ठ्यांवर ठेवला. 'मला फोटो दाखवायचा आहे' अशी चिठ्ठी सोडायची. तो कोण दाखवणार, ते फोन ठरवेल.

आत, प्रत्येक ॲपमध्ये एक मुख्य कारकून असतो. पडद्यावर काढणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं त्याच्याकडे. त्याच्यासमोर चिठ्ठ्यांची रांग, आणि तो एकेक उचलतो. रांगेला आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या यंत्रणेला अँड्रॉइडमध्ये जी लूपर, हँडलर ही नावं आहेत, ती बीओएस नावाच्या जुन्या संगणकप्रणालीतही होती. ती बनवणारी 'बी' ही कंपनी २००१ साली पाम कंपनीने घेतली आणि तिथले अनेक अभियंते पुढे अँड्रॉइडवर आले. डायान हॅकबॉर्न हे त्यातलं जाणकारांना परिचित नाव. या मुख्य कारकुनाला एखादं लांबलचक काम सांगितलं आणि पाच सेकंदांत त्याने तुमच्या स्पर्शाला उत्तर दिलं नाही, की 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही पाटी झळकते. आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे. ती पाटी म्हणजे कुणीतरी चिठ्ठी टाकायच्या जागी रिसीव्हर धरून बसल्याची खूण.

चिठ्ठ्यांचा एक प्रकार दवंडीचा. 'जाळं गेलं', 'जाळं आलं', 'चार्जर लावला' अशी दवंडी फोन पिटतो आणि ज्या ॲपने नाव नोंदवलं असेल ते जागं होतं. छान सोय. पण माणसाच्या फोनमध्ये पन्नास ॲप्स झाली आणि प्रत्येकाने जाळ्याच्या दवंडीला नाव नोंदवलं. आता गायमुखच्या घाटातून जाणारी बस डोळ्यांसमोर आणा. वळणावळणाला जाळं जातंय-येतंय, दर वेळी दवंडी, दर वेळी डझनभर ॲप्स दचकून उठतात, एकमेकांना ढकलतात आणि काहीही न करता पुन्हा झोपतात. घरी पोचेपर्यंत बॅटरी खलास. २०१६च्या अँड्रॉइड ७ मध्ये जाळ्याच्या दवंडीसाठी अशी कायमची नावनोंदणी बंद झाली आणि २०१७च्या अँड्रॉइड ८ मध्ये बहुतेक सार्वत्रिक दवंड्यांसाठी. 'सर्वांसाठी' या शब्दाला इतकी कात्री लागलेली रणदिवे यांच्या बसने पाहिली नव्हती. वॉल स्ट्रीटवरच्या संगणकांना बॅटरी नव्हती.

बसची भूल प्रोग्रॅमर मंडळींना ॲपच्या आतही पडली. २०१२च्या सुमारास इव्हेंटबस, ऑट्टो अशी तयार साधनं आली. कुठूनही निरोप सोडा, कुठेही ऐका. दोन-तीन वर्षं सगळे खूष होते. मग ओरड सुरू झाली की पडद्यावरचा हा आकडा बदलला कुणी, हे शोधायला गेलं तर पत्ताच लागत नाही. निनावी पत्रांनी चालणाऱ्या कार्यालयात चौकशी कुणाची करणार? ऑट्टोच्या कर्त्यांनी पुढे ते साधन स्वतःच निवृत्त केलं आणि लोक निरोपाला पुन्हा नाव-गाव लावू लागले. या धंद्यात पंचवीसेक वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की, वाट पाहणं टाळणं सोपं असतं. कुणाची वाट पाहत होतो ते लक्षात ठेवणं अवघड.

यात पैसा आला की मामला गंभीर होतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय २०१६च्या एप्रिलमध्ये आणलं. आपल्याला वाटतं, आपण कोड टिपला आणि पैसे 'गेले'. प्रत्यक्षात आपल्या ॲपकडून, आपल्या बँकेकडून, मधल्या केंद्राकडून आणि दुकानदाराच्या बँकेकडून निरोपांची मालिका धावते. आणि ही मालिका मुळातच असिंक्रोनस आहे. प्रत्येक जण निरोप मिळताच आधी फक्त 'पावला' एवढंच म्हणतो आणि पुढच्याला सोडतो. खरं उत्तर मागाहून, वेगळ्या निरोपाने येतं. म्हणूनच ते कोट्यवधी व्यवहार पेलू शकतं. आणि म्हणूनच कधीकधी तो मधला प्रकार होतो. आपल्या खात्यातून रक्कम वजा, दुकानातला बोलका डबा गप्प. दोन टेकड्या, मध्ये दरी.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका औषधाच्या दुकानात मी हे पाहिलं. सत्तरीतले एक गृहस्थ इन्सुलिन घ्यायला आले होते. फोनवर 'प्रक्रियेत आहे' एवढंच येत राहिलं. बँकेचा वजावटीचा एसएमएस मात्र तत्परतेने आला. खात्यात पुन्हा तेवढी रक्कम शिल्लक नव्हती, रोख जवळ नव्हती, मागे रांग वाढत होती. ते पुन्हा बटण दाबायला गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, परत पाठवू नका, दोनदा कटतील."

गणित सुटत नाही म्हटल्यावर रिझर्व्ह बँकेने त्याला कायद्याचं उत्तर दिलं आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून एकाने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम खात्यातून वजा झाली आणि समोर जमा झाली नाही, तर ती व्यवहारानंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या रकमेची खातरजमा त्याला मिळाली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने ग्राहकाला १०० रुपये भरपाई द्यायची, ग्राहकाने तक्रार केली नसली तरीही. पोच कधीच पक्की होत नाही, हे मान्य करून, किती दिवस थांबायचं आणि थांबण्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, एवढं ठरवून टाकलं आहे.

काउंटरवरच्या मुलाला हे परिपत्रक माहीत होतं असं मला वाटत नाही. त्याने इन्सुलिनची पेटी बर्फाच्या पिशवीत घालून त्या गृहस्थांच्या हातात दिली. मग गल्ल्याखालची लांबोडकी वही काढली, त्यांच्या फोनवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक उतरवून घेतला, रक्कम आणि वेळ लिहिली, आणि शेजारचा रकाना मोकळा सोडला. त्या पानावर असे आणखी चार व्यवहार होते. तिघांचे रकाने भरलेले होते, प्रत्येकात पैसे आल्याची वेगळी तारीख. चौथा रिकामा होता, आणि त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'विचारणे'.